वेलनेसच्या खोलीतला हुंकार

शांत कसं बसायचं हे मला चाळिशी उलटल्यावर एका पितळी वाटीने शिकवलं. तोपर्यंत मी आपली औरंगाबादच्या पद्धतीने जगत होते. म्हणजे कुणी बोललं की मध्येच ‘हो का’, ‘मग?’, ‘अगं बाई’ असं काहीतरी तोंडातून निघायचंच. जर्मनीत येऊन दहा-बारा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. वाटीने ती घालवायचा पुष्कळ प्रयत्न केला.

श्टुटगार्टजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी सोशल वर्करचं काम करत होते. हे नेमकं काय काम, असं आमच्या महाराष्ट्र मंडळातले सगळे इंजिनियर विचारायचे, तेव्हा मी सांगायचे ते इथेही सांगते. मूल खुर्ची फेकतं, तेव्हा शिक्षिका त्याला माझ्याकडे पाठवते. आईवडील चिडतात, तेव्हा ते शिक्षिकेची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. आणि वरचे साहेब विचारतात की शाळेत खुर्च्या का फेकल्या जातात, तेव्हा मुख्याध्यापिका माझ्याकडे बोट दाखवतात. मी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही, वकील नाही. सगळ्यांच्या मधोमध बसून ऐकायचं, याचा मला पगार मिळत असे. तोही दर वर्षी करार नवा झाला तरच.

आमच्या मुख्याध्यापिका फ्राउ हेबेर्ले. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना दर वर्षी नवं काहीतरी लागायचं. त्या काळात जर्मनीत वेलनेसची साथ आली होती. चहा वेलनेसचा, मोजे वेलनेसचे, मांजराचं खाणंसुद्धा वेलनेसचं. मग शाळा कशी सुटणार? हेबेर्लेबाईंनी जुने नकाशे ठेवायची खोली रिकामी करून तिथे ‘रुएराउम’ काढला, म्हणजे शांततेची खोली. गाद्या टाकल्या, लव्हेंडरच्या तेलाचा दिवा ठेवला आणि कोपऱ्यात विजेवर चालणारं छोटं कारंजं बसवलं. त्या पाण्याच्या आवाजाने पहिलीची निम्मी मुलं उठून लघवीला पळायची, पण तो भाग कुणी अहवालात घातला नाही.

खिडकीत बुद्ध होता. होता म्हणजे त्याचं फक्त डोकं होतं. धड कुठल्या दुकानात राहिलं कोण जाणे. खाली मुलांचे बूट ठेवायची फळी होती. मी बौद्ध आहे हे बाईंना ठाऊक होतं, किंबहुना डोकं आणलं तेव्हा त्यांनी मुद्दाम मला बोलावून दाखवलं होतं. मी म्हटलं, ‘‘बाई, हे बुटांच्या वर नको.’’

‘‘पण तो किती छान हसतोय,’’ बाई म्हणाल्या.

शेवटी मीच बूट हलवले.

त्यांची खरी इच्छा होती की मी भारतीय असल्यामुळे मुलांना योग शिकवावा. मी सांगितलं की मला योग येत नाही, आमच्या वस्तीत नळावर रांग असायची, तिथे ओणवं होऊन जेवढा व्हायचा तेवढाच. बाईंना वाटलं मी विनय दाखवतेय. मग त्यांनी बाहेरून एक ट्रेनर आणली आणि ती वाटी घेऊन आली. वाटीवर लाकडी दांडा मारायचा, सूर लांबत जातो, तो संपला असं ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा. तोवर कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. तास संपला की भिंतीवर प्रत्येकाच्या नावाखाली चित्र लागायचं. शांत राहिलेल्याला सूर्य, चुळबुळ करणाऱ्याला ढग.

एफुआच्या नावाखाली कायम ढग.

एफुआ तिसरीत होती. काळी मुलगी, वर्गात तशी एकटीच. तिची तक्रार माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं खुर्ची फेकली असेल. तसं काही नव्हतं. वर्गशिक्षिका गोष्ट वाचून दाखवू लागल्या की ही मध्येच बोलते. म्हणजे काय बोलते? तर ‘‘या,’’ म्हणते, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो’. ‘‘हम्,’’ म्हणते. ‘‘मग पुढे?’’ म्हणते. वाटीचा सूर चालू असताना तिने एकदा ‘‘गेनाऊ,’’ म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर. वाटीचं कुठलं म्हणणं तिला पटलं ते मात्र कळलं नाही. या सगळ्यातून शिक्षिकांनी आणि ट्रेनरने असं काढलं की मुलीला ऐकता येत नाही. आणि जिला शांततेच्या खोलीतसुद्धा शांत राहता येत नाही, तिच्यात काहीतरी मुळातच बिघडलंय. शाळेने स्वास्थ्य वाटायला काढलं होतं, ते घेत नाही ते मूल आजारी, असा सरळ हिशेब. हेबेर्लेबाईंनी तिला झोंडरशूलेत हलवायचं ठरवत आणलं. ही मंद किंवा अडचणीच्या मुलांची वेगळी शाळा. तिथे पोचायला बसने फार वेळ लागत नाही, पण तिथून परत नेहमीच्या शाळेत आलेलं मूल मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पुढे त्या मुलांना कुणी चांगल्या कामावर घ्यायचं नाही. आठ वर्षांच्या पोरीचं सगळं आयुष्य त्या एका ‘‘हम्’’वर ठरणार होतं.

मी एफुआला माझ्या खोलीत बोलावलं. प्रश्न विचारले. ती खिडकीबाहेर बघत बसली. सोशल वर्करने प्रश्न विचारले की मुलं अशीच करतात, त्यांना कळतं की उत्तर कुठेतरी लिहिलं जाणार. अशा वेळी मी विचारणं सोडून सांगायला लागते. त्या दिवशी मी माझ्या आईची एक गोष्ट काढली, एका कोल्ह्याची, जो लग्नाचं आमंत्रण नसताना पंगतीत बसतो.

‘‘एक कोल्हा होता,’’ मी म्हटलं.

‘‘हम्,’’ एफुआ म्हणाली.

‘‘तो फार भुकेला होता.’’

‘‘या.’’

‘‘त्याला लांबून जेवणाचा वास आला.’’

‘‘उंट दान?’’ म्हणजे, मग?

मी सांगत गेले. आईच्या गोष्टीत नसलेला वाढपी घातला, वाढप्याची बायको घातली, नंतर त्या दोघांचं भांडण लावून दिलं. घंटा झाली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. कितीतरी वर्षांत मला असा हुंकार कुणी दिला नव्हता. माझ्या मुलाला मराठी समजतं आणि उत्तर तो जर्मनमध्ये देतो, तेही मी संपूर्ण थांबल्यावर. नवऱ्याचा हुंकार निराळा. तो वर्तमानपत्राच्या मागून येतो. ‘‘अहो, ऐकताय ना?’’ म्हटलं की ‘‘हं’’, आणि ‘‘घराला आग लागलीय’’ म्हटलं तरी ‘‘हं’’.

आम्ही लहान असताना आई गोष्ट सांगायची ती या अटीवर, की हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. पावसाळ्यात, वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं. वाचणारे काका एका वाक्यावर थांबायचे आणि बायका म्हणायच्या ‘‘हूं’’, मग पुढचं वाक्य. कुणी अक्षर न ओळखणाऱ्या, कुणी दिवसभर वीटभट्टीवर राबून आलेल्या. पण त्या ‘‘हूं’’मुळे त्या खोलीत वाचन एकट्या काकांचं नसायचं. त्या बायकांना चुळबुळ्या म्हणून ढग लावायचं कुणाला सुचलं नाही.

एफुआची आई, अबेना, दुसऱ्या दिवशी भेटायला आली. उंच बाई, चष्मा, हातात कागदपत्रांची जाड पिशवी. ती बॉनमध्ये जन्मलेली. वडील घानाहून शिकायला आले आणि तिथेच राहिले. अबेनाने बॉनच्या विद्यापीठातून शिक्षणशास्त्र केलं होतं, आणि तिचा अभ्यासाचा विषयच हा होता की काळ्या लोकांच्या घरांत आणि चर्चमध्ये मुलं कशी शिकतात. हे शाळेत कुणी विचारलंच नव्हतं. हेबेर्लेबाई तिच्याशी हळू, मोठ्या आवाजात आणि क्रियापदं न चालवता बोलायच्या, ‘‘तुम्ही... समजणे?’’ असं. गंमत म्हणजे बाईंची स्वतःची जर्मन पक्की श्वेबिश, म्हणजे श्टुटगार्टकडची बोली, ती बॉनमध्ये अर्धी कुणाला कळणार नाही, आणि अबेनाची जर्मन बातम्या देणाऱ्या बाईसारखी.

मी तिला कोल्ह्याची हकीकत सांगितली. ती हसत सुटली.

‘‘माझ्या आजीसमोर गप्प बसून ऐकलं असतं तर तिने मला डॉक्टरकडे नेलं असतं,’’ अबेना म्हणाली. ‘‘म्हणजे बघा, आमच्या चर्चमध्ये पाद्री बोलतो तेव्हा लोक गप्प राहिले तर तो मध्येच थांबून विचारतो, कुणी आहे का इथे? ऐकणं हे आमच्याकडे काम आहे, फ्राउ कांबळे. तोंडाने करायचं काम.’’

‘‘आमच्याकडेही,’’ मी म्हटलं. ‘‘आईशी फोनवर बोलताना मी क्षणभर गप्प राहिले तर ती म्हणते, लाईन कटली का?’’

‘‘आणि ही माणसं म्हणतात, बरं वाटायचं असेल तर डोळे मिटा आणि एकटे व्हा.’’ तिचं हसू गेलं होतं. ‘‘माझ्या मुलीला या वर्गात आधीच एकटं वाटतं. तिला बरं वाटतं ते समोरचा तिच्याशी बोलतोय आणि ती त्याला धरून ठेवतेय, तेव्हा. आमच्या लोकांना कुणी स्पा काढून दिले नव्हते. जे काही सोसलं ते एकमेकांना साद देत सोसलं. हे ज्ञान आहे. यावर मी शेकडो पानं लिहिली, हेबेर्लेबाईंना दोनदा सविस्तर समजावलं. त्यांनी मला काय दिलं माहितीय? सोप्या जर्मनमधलं माहितीपत्रक. ‘तुमचे मूल आणि झोप’.’’

मला तिचा राग पूर्ण समजत होता. आमच्या मंडळात गणपतीला एक काकू मला म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, त्या काळ्या लोकांमध्ये काम करायची भीती नाही वाटत?’’ याच काकूंनी पहिल्या भेटीत माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं होतं आणि त्यानंतर मला प्रसादाच्या ताटाशी उभं राहायला कधी सांगितलं नव्हतं. माणसाचं ज्ञान कुणाच्या तोंडून येतंय ते बघून मोजायची सवय काही जर्मनांनी एकट्यांनी लावून घेतलेली नाही.

‘‘एफुआचा निर्णय व्हायचाय त्या बैठकीत मी सांगते हुंकाराचं,’’ मी म्हटलं.

‘‘सांगून काही होणार नाही. तुम्ही सांगाल तर ते भारतीय अध्यात्म होईल, मी सांगितलं तर आईची तक्रार.’’ अबेनाने कागदपत्रांची पिशवी बंद केली. ‘‘त्यांना शांतता हवीय ना? देऊ या.’’

बैठकीला हेबेर्लेबाई, वर्गशिक्षिका, अबेना, मी आणि झोंडरशूलेकडून आलेले हेर क्लाइन असे पाचजण होतो. हेर म्हणजे श्रीयुत; हे निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांचं मत शेवटचं. मी शाळेची नोकर, माझी खुर्ची हेबेर्लेबाईंच्या बाजूला. माझा करारही त्याच महिन्यात नवा व्हायचा होता.

बाईंनी सुरुवात केली. एफुआचा स्वभाव, तिचं लक्ष नसणं, ढग. वाक्य संपवून त्या सवयीने अबेनाकडे बघायच्या. समोरची आई मान डोलवेल, ‘‘या,’’ म्हणेल, निदान भुवया उचलेल, असं त्यांना वाटायचं. अबेना दोन्ही हात मांडीवर ठेवून, वाटीच्या तासाला बसावं तशी बसली होती. नजर समोर, चेहरा कोरा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पण तशीच. इथे माझी काय अवस्था झाली ते मराठी माणसालाच कळेल. माझी मान ही जन्मजात हलती मान. ती थांबवायला मी टेबलाखाली दोन्ही पाय घट्ट आवळून धरले होते.

चार-सहा वाक्यांनंतर बाई अडखळल्या. पाणी प्यायल्या. तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलल्या. मग हळू, मोठ्या आवाजात बोलल्या. शांतता. वर्गशिक्षिकांनी घसा खाकरला, तेवढाही आधार बाईंना इतका गोड वाटला की त्या तिकडे वळून बोलू लागल्या, पण शिक्षिका बिचाऱ्या कागदात बघत होत्या. बाई लाल झाल्या. एफुआचं नाव चुकीचं घेतलं, वाक्याचं क्रियापद शेवटी यायचं ते आलंच नाही.

‘‘तुम्ही माझं ऐकताय तरी का?’’ शेवटी त्या म्हणाल्या.

‘‘अगदी शांतपणे,’’ अबेना म्हणाली. ‘‘मला सूर्य मिळेल का?’’

मग हेर क्लाइन हसायला लागले. मोठ्याने नाही, खांदे हलवत. बाईंना लागलं असणार, आणि लागायला हवं होतं. अबेनाने मग तिची बाजू मांडली, बातम्या देणाऱ्या बाईच्या त्या जर्मनमध्ये. आजी, चर्च, गोष्ट, साद आणि प्रतिसाद. ती बोलत असताना मी माझी मान सोडून दिली. ‘‘हूं’’, ‘‘हूं’’ करत राहिले, हेबेर्लेबाईंच्या शेजारी बसून.

हेर क्लाइन दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. एफुआला शेजारी बसवून त्यांनी एक लांबलचक गोष्ट वाचली. ती प्रत्येक वाक्याला ‘‘या’’ आणि ‘‘हम्’’ करत होती. वाचून झाल्यावर तिने त्यांना सगळी गोष्ट परत सांगितली, आणि त्यातलं खेचर मध्येच कुठे गेलं हे लेखकाने सांगितलंच नाही, असंही वर ऐकवलं.

‘‘फ्राउ हेबेर्ले,’’ जाताना ते म्हणाले, ‘‘कुणी ऐकून न घेतल्यामुळे आलेली मुलं माझ्याकडे भरपूर आहेत. ही माझी केस नाही.’’

एफुआ राहिली. माझा करारही झाला. बाई दीर्घद्वेषी नव्हत्या, आणि शिवाय त्यांना नवं काहीतरी सापडलं होतं. पुढच्या वर्षी रुएराउमचं कारंजं निघालं आणि तिथे ढोल आले. ‘आफ्रिकी लयीतून आंतरिक संतुलन’ असा प्रकल्प, त्याची गुळगुळीत पुस्तिका, मुखपृष्ठावर न विचारता एफुआचा फोटो. तो अबेनाने तिथून हटवायला लावला. शिकवायला फ्रायबुर्गहून एक सोनेरी केसांचा तरुण आला. त्याने ढोल वाजवला की मुलांनी ‘‘हेय’’ म्हणायचं, एरवी गप्प. एफुआने दुसऱ्याच ठिकाणी ‘‘हेय’’ म्हटलं तर त्याने तिला अत्यंत प्रेमाने आफ्रिकी लय समजावून सांगितली. अबेनाला व्याख्यानाला कुणी बोलावलं नाही. उन्हाळी जत्रेला मात्र ‘तुमच्या देशातला पदार्थ’ आणायला सांगितलं. तिने ऱ्हाइनकडचे बटाट्याचे घावन तळून आणले आणि ‘बॉन’ अशी पाटी लावली. मी निमूटपणे सामोसे नेले. ते आधी संपले.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. चौथीत एफुआच्या नावाखाली सूर्य यायला लागले. मी तिला विचारलं, आता कसं जमतं?

‘‘मी आतल्या आत करते,’’ ती म्हणाली. ‘‘हम् म्हणते, पण तोंड बंद ठेवून.’’

मुलगी वाचली याचा आनंद होताच. पण घरी जाताना मला रडू आलं. तिला शाळेत ठेवायला आम्ही एवढं भांडलो, आणि ठेवून घेता घेता शाळेने तिच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं होतं.

चौथीच्या मुलांचा निरोपसमारंभ जिमखान्याच्या हॉलमध्ये होता. पालक रांगेने बसलेले, एफुआ पुढे मुलांमध्ये, अबेना मागे माझ्या शेजारी. हेबेर्लेबाई भाषणाला उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य संपलं आणि त्या थांबल्या. थांबून त्यांनी पुढच्या रांगेकडे, एफुआ बसली होती तिकडे पाहिलं. कशासाठी पाहिलं ते त्यांना विचारलं असतं तर त्यांनी साफ नाकारलं असतं. एफुआ हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून, सूर्य मिळवणाऱ्या मुलीसारखी बसली होती. बाईंनी दुसरं वाक्य घेतलं. पुन्हा थांबल्या. त्यांनी हातातल्या कागदात पाहिलं, आणि त्या हॉलमध्ये इतकी छान, सुसंस्कृत जर्मन शांतता होती की मला त्या बाईची दया आली.

‘‘हूं,’’ मी म्हटलं. विहारातल्या बायका म्हणायच्या तसं, पोटातून.

पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. अबेनाने तोंडावर हात धरला. बाईंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि तिसरं वाक्य बोलल्या. ‘‘या,’’ अबेना म्हणाली. एफुआने मान वळवून आम्हा दोघींना पाहिलं, पुन्हा पुढे वळली, आणि चौथ्या वाक्याला तिचा आवाज आला, स्पष्ट, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, ‘‘उंट दान?’’

बाईंनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांचं भाषण फार म्हणजे फारच लांबलं.